सूचना : पावसाळी गटारसफाई आणि मोकळ्या जागेबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सोसायटीतली पावसाळी गटारं आणि गच्चीवरच्या जाळ्या साफ करायच्या आहेत. घरटी एकाने तरी यावं. फावडं, घमेलं आणावं.

सोलापुरात पाऊस कमी, मग एवढी काळजी कशाला, असं काहीजण विचारतात. पण सप्टेंबरात तो तास-दोन तासांत कोसळतो. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होतं! जुळे सोलापूरकडे पूर्वी शेतं होती. भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी पिऊन घ्यायची, उरलेलं ओढ्याने सावकाश जायचं. आता डांबर-काँक्रीटवरून बहुतेक सगळं एकदम सखल भागाकडे धावतं आणि खालच्या वस्तीत लोकांच्या घरात शिरतं.

म्हणून कंपाउंडलगतच्या उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, ही कळकळीची विनंती. गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल तर तो तोडून मुरुमापर्यंत खोदलेल्या शोषखड्ड्यात सोडायचा आहे. पावसाचं पाणी शिरलं की चेंबरमधून मैला वर येतो. तुमचा पाइप कुठे जातो, ते शनिवारपर्यंत सचिवांना कळवा.