एका ओळीत न मावणारे आभार

प्रिय ताई,

माझ्या शॉर्ट फिल्मच्या शेवटी ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली तुमचं नाव आहे. ते घालायला तुमची तयारी नव्हती. ‘मी केलं तरी काय, चार गोष्टी सांगितल्या,’ असं म्हणून तुम्ही विषय टाळत होतात. शेवटी ते नाव गेलं, पण पडद्यावर येतं आणि जेमतेम दोन सेकंदांत वर सरकून जातं. तोवर लोक उठायला लागलेले असतात. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते त्या दोन सेकंदांत मावत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. आणि ते उघड लिहितोय, कारण पदरचे पैसे घालून फिल्म करणाऱ्या माणसाला नेमकी कसली मदत लागते हे मला तुमच्यामुळे समजलं. ते आपल्या दोघांतच राहावं असं मला वाटत नाही.

मोठ्या निर्मितीसंस्थेत प्रत्येक प्रश्नाला एक माणूस असतो. आमच्याकडे दिग्दर्शक तोच निर्माता, तोच हिशेब ठेवणारा, तोच सामान गाडीत भरणारा आणि रात्री एडिटला बसणाराही तोच. काम जास्त असतं याचं काही वाटत नाही. जड जातं ते सगळे निर्णय एकट्याने घेणं. एकच सीन इतक्यांदा बघून झालेला असतो की तो चांगला आहे की वाईट हेच कळेनासं होतं. घरचे, मित्र प्रेमाने बघतात आणि ‘मस्त झालंय’ म्हणतात. त्यांच्या प्रेमाची मला किंमत आहे, पण ‘मस्त झालंय’ ऐकून पुढचा कट कुठे मारायचा ते ठरत नाही.

तुम्ही स्वतः इतकी वर्षं फिल्म करताय. मी तुम्हाला रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, पाठवला तेव्हा आपली ओळखही धड नव्हती. तुम्ही परत पाठवलेली पहिली गोष्ट एक प्रश्न होता: ‘बघायच्या आधी सांग, ही गोष्ट कोणाची आहे? मुलीची की वडिलांची?’ मी उत्तर दिलं. मग तुम्ही फिल्म पाहिलीत आणि तुमचं प्रत्येक म्हणणं त्या उत्तराला धरून होतं. हे किती दुर्मीळ आहे हे मला नंतर इतरांशी बोलताना कळलं. सल्ला देणारे खूप भेटतात. त्यांतले बरेचजण आपल्या फिल्ममध्ये त्यांची स्वतःची फिल्म शोधत असतात आणि ‘मी असतो तर’ इथून सुरुवात करतात. तुम्ही एकदाही ‘मी असते तर’ म्हणाला नाहीत. गोष्ट माझीच राहू दिलीत आणि ती मला जिथे न्यायची होती त्या वाटेत काय आडवं येतंय तेवढं दाखवलंत.

तुमच्या नोंदींची ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. प्रत्येक नोंदीपुढे टाइमकोड, म्हणजे फिल्ममधलं नेमकं मिनिट-सेकंद, आणि समोर एकच वाक्य. ‘०४:१२, इथे माझं लक्ष उडालं.’ ‘०६:५०, ही कोण, शेजारीण की मावशी?’ कसं दुरुस्त कर हे जवळजवळ कुठेच नाही. बघताना तुम्हाला काय झालं एवढंच आहे. आणि वडिलांच्या सीनपाशी ही नोंद: ‘०९:४०, वडील एकच गोष्ट दोनदा सांगतात. आधी चेहऱ्याने, मग तोंडाने. चेहऱ्याने सांगून झालंय.’

तो शॉट मी पुन्हा लावला. मुलगी घराची किल्ली टेबलावर ठेवते. वडील किल्लीकडे बघतात, मुलीकडे बघत नाहीत. त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून किल्लीच्या दिशेने सरकतो आणि मध्येच थांबतो. त्यानंतर माझ्या कटमध्ये त्यांचा एक संवाद होता. लिहिताना तो मला फार आवडला होता आणि नटानेही तो जीव ओतून म्हटला होता. मी तो काढला. हात थांबल्यावर थोडा वेळ तसाच धरला आणि थेट दारावर कट केला. सीन उभा राहिला. आज लोक फिल्म बघून बाहेर आले की त्या थांबलेल्या हाताबद्दल बोलतात. तिथे एक वाक्य होतं याची त्यांना कल्पनाही नसते.

आणखी एका नोंदीने माझी एडिटकडे बघण्याची रीतच बदलली. बाराव्या मिनिटापाशी तुम्ही लिहिलं होतं की इथे कंटाळा आला, पण या जागेला हात लावू नकोस, आधी मागे जाऊन बघ. ‘आठव्या मिनिटापर्यंत ती मुलगी कशासाठी थांबली आहे हेच मला कळलेलं नाही, म्हणून बाराव्या मिनिटाला मला तिची काळजी वाटत नाही.’ दुखतं एकीकडे आणि दुखण्याचं मूळ असतं दुसरीकडे. मी बाराव्या मिनिटातली एकही फ्रेम कापली नाही. मुलीचा फोनवरचा एक संवाद आधीच्या सीनमध्ये आणला आणि बाराव्या मिनिटाचा कंटाळा गेला. आता कोणी ‘हा सीन लांबलाय’ म्हणालं की मी आधी त्याच्या मागचे दोन सीन तपासतो.

आवाजाबद्दल तर तुमचे उपकार मोजताच येणार नाहीत. शूटिंगच्या आधीच तुम्ही बजावलं होतं: चित्र थोडं अंधारं असलं तर लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर नाही. प्रत्येक लोकेशनची शांतता वेगळी असते. तेव्हा सीन संपला की सामान आवरायला घ्यायच्या आधी, सगळं युनिट जागच्या जागी उभं असताना, त्याच माइकवर निदान अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर. खोलीतली माणसं आणि सामान हललं की खोलीचा आवाज बदलतो, म्हणून ती तेव्हाच घ्यायची. शूटिंगच्या गडबडीत पंधरा माणसांना अर्धा मिनिट गप्प उभं करणं सोपं नसतं. आमच्या युनिटने ते केलं, आणि एडिटच्या वेळी दोन टेक जोडताना मागचा आवाज तुटायचा तिथे प्रत्येक ठिकाणी ती रेकॉर्ड केलेली शांतता, म्हणजे रूम टोनच, कामी आली. रस्त्यावरच्या सीनमध्ये रहदारीने संवाद खाल्ले जाणार हे दिसतच होतं. तिथे तुमच्या सांगण्यावरून शॉट ओके झाल्याबरोबर, नट अजून त्या भावनेत असताना, कॅमेरा बंद करून माइक जवळ धरला आणि तेच संवाद पुन्हा म्हणवून घेतले. तो सीन डब करावा लागला नाही. नंतर स्टुडिओत उभं राहून त्या नटाच्या आवाजात तो दम पुन्हा आला नसता, याची मला खात्री आहे.

हार्ड डिस्कबद्दल तुम्ही रोज रात्री विचारायचात, तेही इथे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या एखाद्याचं फुटेज वाचेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आणि प्रती उघडून तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही.

एका चित्रकर्मीने दुसऱ्याच्या अपुऱ्या कामावर विश्वास टाकला की काय होतं, याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण सत्यजित राय यांचं आहे. ‘पथेर पांचाली’ पैशाअभावी अडत अडत चालला होता. तेव्हा अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन स्वतःच्या चित्रपटासाठी लोकेशनच्या शोधात भारतात आले होते. राय यांनी त्यांना काही भाग दाखवला. तो कच्चा आणि आवाजाविना होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला तो चित्रपट हवा होता, आणि तिथल्या मन्रो व्हीलर यांना ह्यूस्टननी त्याबद्दल चांगला शब्द कळवला. १९५५ साली चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो त्याच संग्रहालयात. ह्यूस्टननी पैसे दिले नाहीत, शूटिंगलाही आले नाहीत. अर्धवट काम नीट पाहिलं आणि जे दिसलं ते योग्य माणसाला सांगितलं. मोठ्यांशी बरोबरी करायची म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही माझा रफ कट ज्या गांभीर्याने पाहिलात, त्याची जात मला तीच वाटते.

फिल्म पूर्ण झाल्यावर खरी गरज होती धीराची. नकार येत राहिले. तुम्ही ‘होईल रे’ म्हणून बोळवण केली नाहीत. महोत्सवांचे कार्यक्रम कसे बांधले जातात ते समजावून सांगितलंत. निवड करणारे लोक साधारण दीड तासाच्या एका खेळात पाच-सात शॉर्ट फिल्म बसवत असतात. अठ्ठावीस मिनिटांची फिल्म घेतली की दोन-तीन छोट्या फिल्म बाहेर राहतात, त्यामुळे लांब फिल्मला स्वतःची जागा कमवावी लागते. कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत पंधरा मिनिटांच्या वरची फिल्म चालतच नाही, आणि ऑस्करसाठी मर्यादा चाळीस मिनिटांची, तीही श्रेयनामावली धरून. हे कळल्यावर प्रत्येक नकार माझ्या कामावरचा निकाल वाटेनासा झाला. शिवाय प्रवेश फी भरण्याआधी त्या महोत्सवाने मागच्या वर्षी काय दाखवलं ते बघ, खरोखर थिएटरात खेळ होतात का ते बघ, हेही तुम्हीच शिकवलंत. फी गोळा करणं एवढाच उद्योग असलेल्या काही ठिकाणांपासून मी त्यामुळे वाचलो.

संगीताच्या परवानग्या आणि नटांची लेखी संमती यांबद्दल तुम्ही किती मागे लागला होतात ते आठवतं. गाण्याची रचना एकाच्या मालकीची आणि रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचं असू शकतं, तेव्हा परवानगी दोन्हींची लागते, एवढं एक वाक्य प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला कोणीतरी शूटिंगआधी सांगायला हवं. आणि युनिटच्या पैशांबद्दल तुमचं मत अगदी स्पष्ट होतं: ‘नंतर बघू’ असं कोणालाही म्हणायचं नाही. देता येत असेल तर आकडा आधी सांग, नसेल येत तर तेही आधी सांग, आणि मग त्या माणसाला ठरवू दे. मला हा तुमचा सगळ्यात मोलाचा सल्ला वाटतो. आज त्या युनिटमधली बहुतेक माणसं माझ्या पुढच्या फिल्मला यायला तयार आहेत.

मी एकदा विचारलं होतं की याची परतफेड कशी करू. तुम्ही एका मुलीचा रफ कट माझ्याकडे पाठवलात आणि लिहिलंत, ‘हा बघ, आणि तिला सांगण्याआधी तिला काय करायचंय ते विचार.’ मी तसंच केलं. दुसऱ्याच्या फिल्ममध्ये जे चटकन दिसलं ते स्वतःच्या पुढच्या पटकथेत शोधायची सवय मला तिथून लागली.

आणि मग तुम्ही तुमची नवी फिल्म मला पाठवलीत. इतक्या वर्षांचा अनुभव असलेली बाई माझं मत मागते, याने मला जे बळ दिलं ते कुठल्याही कौतुकाने दिलं नसतं. मी घाबरत लिहिलं की शेवटचे दोन शॉट नसते तरी चाललं असतं. तुम्ही त्यावर विचार केलात, एक काढलात, एक ठेवलात, आणि का ठेवलात ते मला कळवलंत. तो ठेवलेला शॉट मी पुन्हा पाहिला. तुमचं बरोबर आहे, तो हवाच.

ताई, मनापासून आभार. तुम्ही म्हणाला होतात की साउंड मिक्सच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या, आधी एकदा तुमची पूर्ण फिल्म कोणीतरी नव्याने पाहायला हवी. मी या आठवड्यात मोकळा आहे. स्क्रीनवर टाइमकोड असलेली प्रत पाठवा आणि तुम्हाला कुठल्या जागांची शंका आहे ते मात्र आधी सांगू नका, पाहून झाल्यावर बोलू.

तुमचा,
एक सहप्रवासी दिग्दर्शक