मैदानावर ‘आपोआप’ काही होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुलांच्या खेळावरचा लेख वाचला. मुलांनी घराबाहेर पडून खेळावे, हे त्यातले म्हणणे मला सोळा आणे मान्य आहे. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी मात्र त्यात एकच वाक्य होते. त्यांनाही इतर मुलांबरोबर मैदानावर सोडा, ती आपोआप मिसळतील, अशा अर्थाचे. त्या ‘आपोआप’साठी हे पत्र लिहीत आहे. मी ३१ वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि माझी सात वर्षांची नात स्वमग्न आहे.

ती पाच वर्षांची असताना तिला मैदानावर पहिल्यांदा मीच नेले. मुले पकडापकडी खेळत होती. मी सवयीने शिट्टी वाजवली, सगळ्यांना गोलात उभे केले, नातीला हाताला धरून त्या गोलात आणले आणि बाजूला झालो. ती जागीच खाली बसली. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून अशी किंचाळली की खेळच थांबला. सवय होईल, असे म्हणत मी तिला आणखी तीन दिवस नेले. पाचव्या दिवशी तिने पायात बूट चढवू दिले नाहीत. पुढे दोन महिने, मैदानाच्या रस्त्याला वळलो की ती माझा शर्ट धरून मागे ओढायची. चूक माझी होती. सगळी नोकरी मैदानावर झालेल्या माणसाला हे उमगले नाही, तर इतरांचे काय होत असेल, म्हणून सांगतो आहे.

तिने कान का झाकले, ते मला उशिरा कळले. आवाज, स्पर्श, उजेड यांची जाणीव या मुलांना फार तीव्र असू शकते, किंवा उलट फार कमी. निदानासाठी अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीतही २०१३ पासून याची नोंद निकषांमध्ये आहे. माझी शिट्टी त्या पोरीला थपडेसारखी लागत होती.

मग तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे आणि खेळ जमावेत म्हणून उपचार करणाऱ्या ताई, मैदानावर आल्या. म्हणाल्या, “आबा, आधी तिला मैदान बघू द्या. मुलांचं नंतर पाहू.” तीन आठवडे आम्ही मैदान रिकामे असताना जात होतो. आधी नुसती कुंपणाबाहेरून फेरी, मग फाटकाच्या आत. ताईंनी एका छोट्या वहीत पाच फोटो लावून दिले होते : फाटक, झोका, वाळू, नळ, घर. एक झाले की पान उलटायचे. पुढे काय आहे आणि शेवटी घरी जायचे आहे, हे दिसले की तिची धास्ती पुष्कळ उतरायची. पहिली दहा मिनिटे एका लयीत झोका, नंतर वाळूने भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून खड्ड्यापर्यंत नेणे. हातांना वजन मिळाले की तिचे कानाशी आलेले खांदे खाली यायचे, हे मी रोज पाहिले. झोका प्रत्येक मुलाला मानवतोच असे नाही, काहींना तो अजिबात सोसत नाही. हे मूल बघून ठरवायचे असते आणि त्यासाठीच जाणकार माणूस लागते.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी अभ्यासिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणे, नुसते बघत राहणे, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलेच खेळणे, आणि मग हळूहळू एकमेकांबरोबर. कडेला उभे राहून बघणाऱ्या मुलाला मी ३१ वर्षे ‘चल आत’ म्हणून ओढत आलो. त्यातली किती मुले आपल्या परीने खेळातच होती, याचा विचार आता रात्री झोपताना येतो.

मुले असताना जायला लागलो, तेव्हा ताईंनी वाळूच्या उतारावर मधोमध चिरलेला पाइप पन्हळीसारखा ठेवला. वरच्या टोकाला नात, हातात पाण्याचा मग. खालच्या टोकाला शेजारचा आठ वर्षांचा मुलगा, हातात रिकामी बादली. वरच्याने ओतल्याशिवाय खालच्याला काही मिळत नाही. डोळ्यांत बघावे लागत नाही, बोलावे लागत नाही, आणि हातातला मग रिकामा झाला की पाळी संपली. कित्येक दिवस ती नुसते ओतत राहिली, जणू खाली कोणी नाहीच. एके दिवशी पाणी मधेच अडले, वाळूचा गोळा बसला होता. ती थांबली. अडलेल्या जागेकडे पाहिले, मग त्या मुलाकडे, मग पुन्हा त्या जागेकडे. त्याने बोटाने वाळू उकरली, पाणी सुटले, आणि तिने रिकामा मग त्याच्या हातात दिला. सगळे मिळून दहा सेकंदही नसतील. मी काही बोलू नये म्हणून ताईंनी माझा दंड धरून ठेवला होता. एखादी गोष्ट दोघांनी मिळून बघणे, ‘तुलाही दिसतंय ना?’ हे नजरेने विचारणे, बहुतेक बाळांना पहिल्या वाढदिवसाच्या आसपास जमू लागते. माझ्या नातीला ते सहाव्या वर्षी, वाळूत बसून जमले.

खोलीतली थेरपी त्याआधी वर्षभर चालू होती. तिथे ती ताईंबरोबर पाळी पाळायची, पण एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे या मुलांना जड जाते. म्हणून जिथे मुले खेळतात, तिथेच शिकवायला हवे. अर्थात या उपचारांवरचे बरेच अभ्यास थोड्या मुलांवर झालेले आहेत. इतक्या आठवड्यांत मूल ‘बरे’ करून देतो, असे कोणी म्हणाले तर पालकांनी तिथून निघावे. स्वमग्नता हा काही ताप नव्हे उतरायला.

आणि शिकायचे एकट्या तिनेच का? डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. एकमेकांना न समजण्याचा हा प्रश्न स्वमग्न आणि इतर, अशा दोन्ही बाजूंचा आहे, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. आम्ही त्या शेजारच्या मुलाला तीनच गोष्टी सांगितल्या : हाक मारलीस की मनात दहा आकडे मोज, लगेच दुसरी हाक मारू नकोस, आणि हवी ती वस्तू तिच्यासमोर धर. दोन दिवसांत त्याला जमले. बाकावरची मोठी माणसे मात्र अजून ‘हिला वेगळ्या वेळी आणा ना’ म्हणतात, आणि तेही तिच्यासमोर. ती कमी बोलते, पण ऐकते सगळे.

मैदाने बांधणाऱ्यांकडे माझे मागणे मोठे नाही. सलग कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, वयाच्या चार वर्षांनंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केलेली स्वमग्न मुले जवळपास निम्मी निघाली, आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. शिवाय थोडी वाळू, एक नळ, गडबडीपासून दूर टेकायला एक कोपरा, आणि आठवड्यातून काही तास शिट्टी आणि भोंग्याविना. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील ३० व्या कलमात खेळण्याची समान संधी लिहिलेली आहे. म्हणजे हे कोणी उपकार म्हणून द्यायचे नाही.

नात अजून पकडापकडी खेळत नाही. कुंपणाला टेकून पळणाऱ्या मुलांकडे बघते, आणि मी तिला आत ओढत नाही. त्या लेखातले वाक्य वाचून कोणी आजोबा उद्या नातवंडाचा हात धरून निघतील, याची मला काळजी आहे. म्हणून आपण या विषयाला पुरवणीत अर्धे पान तरी द्यावे. ते लिहायला थेरपिस्टबरोबर एखाद्या मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तीलाही बोलवावे आणि लहानपणी मैदान कसे वाटायचे, ते त्यांनाच विचारावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक