श्वासाची खबर

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, पान वाचून होतं पण डोक्यात काही शिरत नाही." तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. अभ्यासिकेत आणखी दोन तास बसून हे सुटेल असं मला वाटत नाही. वेळ तू भरपूर देतेस, पण मन तिथे नसतं.

माझं मन जागेवर आणलं ते सातपूरच्या टूलरूममधल्या आमच्या चाचांनी. जुन्या नाशकातले, नक्शबंदी सिलसिल्यातले, म्हणजे सूफींच्या एका गुरुपरंपरेतले. बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतला की आधी श्वास सावकाश सोडायचे, मग त्याचं टोकाचं रॅचेट फिरवायचे, त्याची टिकटिक ऐकायचे आणि मगच आकडा वाचायचे. बाजूला प्रेस धडधडत असायचे, सुपरवायझर घाई करत असायचा, पण त्यांचं माप कधी चुकलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "दम की खबर रखो, बस."

ही शिस्त फार जुनी आहे. बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक यांनी आठ नियम घालून दिले, पुढे बहाउद्दीन नक्शबंद (१३१८–१३८९) यांनी त्यांत तीन वाढवले. त्यातला एक 'होश दर दम', म्हणजे एकही श्वास बेसावध जाऊ द्यायचा नाही. एक 'नजर बर कदम', चालताना नजर पावलांवर. आणि माझा सगळ्यात लाडका, 'खल्वत दर अंजुमन': माणसांच्या गर्दीत राहायचं आणि आतून एकटं असायचं. औरंगाबादच्या सहलीत पाणचक्की पाहिलीस ना? तिथे ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर याच गिझदुवानहून आलेले.

या नक्शबंदी मंडळींचा जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, मनातल्या मनात चालतो. ओठ हलत नाहीत, कुणाला कळतही नाही, म्हणून काम सोडून वेगळं बसावं लागत नाही. संध्याकाळी इथे नाशकात द्वारका चौकात वाहनं खोळंबली की मी हेच करतो. श्वास आत आला, कळलं. बाहेर गेला, कळलं. मध्येच मन घरच्या हप्त्यांकडे पळतं. पळालं हे लक्षात आलं की पुढच्या श्वासावर परत यायचं, मनाला रागवायचं नाही.

तू पुस्तकाचं पान उलटताना एक श्वास पूर्ण सोड, मग पुढची ओळ वाच. वसतिगृहातून अभ्यासिकेत जाताना फोन पिशवीत ठेव आणि पावलांकडे बघत चाल (रस्ता ओलांडताना मात्र गाड्यांकडे!). सध्या एवढंच कर. श्वास कोंडून धरायचे प्रकारही सूफींमध्ये आहेत, पण ते गुरूसमोर बसून शिकायचे. व्हिडिओ बघून त्या वाटेला जाऊ नकोस.

आणखी एक सांगतो, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. चाचा लक्ष लागावं म्हणून हे करत नव्हते. श्वासागणिक ते अल्लाहची आठवण काढत होते आणि लक्ष आपोआप लागत होतं. हल्ली श्वासाचे कोर्स कामाचा वेग वाढवायला म्हणून विकतात, त्यात ही आठवणच गाळलेली असते. ते मला खटकतं. चाचा जे नाव घ्यायचे ते तू उसनं घ्यावंस असं मी म्हणत नाही. आजीच्या मांडीवर बसून हरिपाठ ऐकत तू मोठी झालीस. श्वासाबरोबर विठ्ठल आला तर येऊ दे. नाही आला तर नुसता श्वास बघ, ओढूनताणून काही आणू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा किती धडे झाले ते मी विचारणार नाही. मन कुठे कुठे पळालं तेवढं सांग. आईने मेथीचे लाडू केलेत, शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझे,
बाबा