धुळ्यात बघायला काय आहे, असं विचारणाऱ्या भाच्यासाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी थोरली बहीण लग्न झाल्यापासून सुरतेला असते. आपल्या खानदेशातली किती घरं तिकडच्या लूमच्या आधाराने उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. यंदा उत्तरायणाच्या सुट्टीत ती नववीतल्या मुलाला घेऊन आमच्याकडे देवपूरला आली. दोन दिवस पतंग उडवून झाले आणि तिसऱ्या दिवशी भाच्याने विचारलं, "मामा, धुळ्यात बघायला काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत आमची आईच म्हणाली, "धुयामा काय शे देखाले? त्याले अजिंठाले लई जा."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पाहुणा आला की अजिंठा, नाहीतर तोरणमाळ, नाहीतर थेट शिर्डी. ज्या गावात तो उतरला ते गाव तेवढं सोडून सगळं दाखवायचं. या वेळी मला ते लागलं, कारण विचारणारा मुलगा आपल्याच रक्ताचा होता आणि त्याला आपल्या आजोळाबद्दल सुरतेत सांगण्यासारखं एक वाक्यही आम्ही कधी दिलं नव्हतं. मी बाजार समितीत एका आडत दुकानावर हिशेब लिहितो. शेठजींकडून शनिवारची रजा मागून घेतली आणि आई, बहीण, भाचा आणि मी असे चौघे निघालो.

रिक्षावाल्याला मी "वस्तुसंग्रहालय" म्हणालो तर तो गोंधळला. "राजवाडे मंडळ" म्हटल्याबरोबर त्याने किक मारली. पांझरेचा पूल ओलांडून जुन्या गावात शिरेपर्यंत भाच्याची समजूत अशी की आपण एखाद्या राजाचा वाडा बघायला चाललोय. तिथे पोचल्यावर त्याला सांगितलं, हा राजा नव्हता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचा माणूस होता. १८६३ साली कोकणात जन्मला आणि गावोगाव पायपीट करत, स्वतःच्या हाताने रांधून खात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अडगळीत पडलेली जुनी दप्तरं धुंडाळत फिरला. वाईला सापडलेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. पुढे असे बावीस खंड झाले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. आणि शेवटी हा माणूस आपल्या धुळ्यात येऊन राहिला व ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारला. त्यांच्या मागे त्यांचं काम धुळेकरांनी उचललं, त्यातून हे मंडळ उभं राहिलं.

आत दगडी मूर्ती आहेत, नाणी आहेत, ताम्रपट आहेत आणि हस्तलिखितं आहेत. मुंबईच्या मोठ्या संग्रहालयासारखी रोषणाई इथे नाही, आणि मला तिची उणीव भासली नाही. इथे वस्तूच्या जवळ उभं राहता येतं. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती एका झिजलेल्या मूर्तीपुढे बराच वेळ थांबली आणि सवयीने हात जोडून म्हणाली, "हाऊ ते आपला गावमासारखा देव शे." आमच्या गावाबाहेर चिंचेखाली अशीच एक शेंदूर फासलेली मूर्ती आहे. तिला नाक-डोळे कधी होते की नाही, हा विचारही आमच्या कुणाच्या मनात आला नव्हता. आई दिवसभर त्या मूर्तीबद्दल बोलत होती.

भाच्याला मात्र मोडी लिपीने धरून ठेवलं. त्याच्या शाळेत गुजराती आहे, घरी अहिराणी, टीव्हीवर हिंदी. मोडी बघून तो म्हणाला, "ही गुजराती आहे का?" प्रश्न अगदी वेडा नाही, गुजरातीलाही डोक्यावर रेघ नसतेच. त्याला सांगितलं, मोडीत रेघ असते, पण ती आधी ओळभर ओढून ठेवायची आणि मग अक्षरं तिच्यावर टांगायची. बोरू शक्यतो उचलायचाच नाही. म्हणून अक्षर असं पळतं दिसतं. मला एवढंच ठाऊक होतं, कारण आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या शेताच्या खरेदीचे चार मोडी कागद आहेत. ते आमच्यापैकी एकालाही वाचता येत नाहीत.

दुपारच्या जेवणाची गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण मनातली खंत तिथलीच आहे. बहिणीला खानदेशी जेवण हवं होतं. तिचं म्हणणं, घरी तर मी करतेच, पण सुरतेला जशी लोकं गावचं खायला मुद्दाम बाहेर जातात तसं एकदा आपल्या गावात आपलं खायला जाऊ. पहिल्या हॉटेलात आठ पानांचं मेनूकार्ड हातात आलं. पनीरचे पंधरा प्रकार, मग चायनीज. शेवभाजी शेवटच्या पानावर, तीही 'शेव मसाला' नावाने. वाढणारा मुलगा साक्रीकडचा होता. त्याला विचारलं, बट्टी आहे का? तो म्हणाला, "काका, ती आम्ही घरी खातो." त्या मुलाचा काय दोष! आपण पाहुण्यांसमोर काय ठेवायला लाजतो ते त्याने आपल्याकडूनच शिकलं.

दोन गल्ल्या पुढे एका ताईंची खाणावळ आहे, चार बाकांची. बट्टी आदल्या दिवशी सांगावी लागते, पण त्यांच्याकडे एका घरची पंगत गेली होती आणि थोडी उरली होती. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद घालून मळलेले गोळे, आधी उकडलेले, मग कापून तुपात तळलेले. वर तुरीचं घट्ट वरण आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. भाच्याने पहिला तुकडा तसाच कोरडा खाल्ला. आईने त्याच्या पानात हात घालून बट्टी कुस्करली, मध्ये खळगा केला, वरण ओतलं, तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "आते खाय." त्यानंतर तो बोललाच नाही. ताईंनी आमच्यासाठी कळण्याची एक भाकरी आणि पाट्यावरचा मिरचीचा ठेचाही वाढला. आम्ही मागितला नव्हता. आपली ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती भाकरी खाताना बहिणीचे डोळे भरून आले. ठेच्याने आले असं ती म्हणाली.

जळगावकरांचं याबाबतीत मला कौतुक वाटतं. हिवाळा लागला की तिथे भरीत किलोवर विकतात आणि लोक रांगेने घेतात. हिरवी लांबोडकी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी आणि कांद्याची पात. त्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. धुळ्याने बट्टी, फुनके-कढी, पातोड्यांचा रस्सा असाच पहिल्या पानावर आणला तर बाहेरचा माणूस आग्रा महामार्गावरून सरळ निघून जाणार नाही. शेवभाजीचं उदाहरण आपल्यासमोरच आहे. ज्या मुलखात वैशाखात भाजीची मारामार असते, तिथल्या बायांनी काळ्या रश्श्यात शेव सोडून वेळ निभावली. आज ती ढाब्याढाब्यावर मागून खातात.

जेवणानंतर समर्थ वाग्देवता मंदिर, म्हणजे रामदासी हस्तलिखितांचा संग्रह. शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव, यांनी १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं गोळा करण्यात आयुष्य घातलं. समर्थांच्या स्वतःच्या हातचं वाल्मीकी रामायण इथे जपलेलं आहे. एवढं मोठं रामायण एका माणसाने हाताने उतरवून काढलं, हे ऐकून भाच्याने विचारलं, "किती दिवस लागले असतील?" मी हिशेबाचा माणूस, दिवसभरात वहीची पंधरा पानं लिहिली तरी माझं मनगट धरतं. त्याला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघे गप्प उभे राहिलो.

परतताना रिक्षा तुरुंगाच्या बाजूने घ्यायला सांगितली. आत जायचं नव्हतंच, तो चालू तुरुंग आहे. बाहेरूनच भाच्याला सांगितलं की १९३२ साली इथे विनोबा कैदी होते, आणि २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. समोर बसलेल्या कैद्यांत अंमळनेरच्या शाळेतले साने गुरुजी होते आणि ते भराभर उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं आपल्या धुळ्यात, रविवारी रविवारी तयार झालं.

संपादकसाहेब, मला रविवारबद्दलच लिहायचं आहे. दुकानावर, गिरणीत, बाजारात काम करणाऱ्याला सुट्टी असते ती रविवारी. दिवाळीनंतर एका रविवारी मी घरच्यांना घेऊन जिल्ह्यातल्या एका ठिकाणी गेलो होतो, तर दाराला कुलूप. वेळ लिहिलेली पाटी नाही, फोन लागेना. तासभर उन्हात थांबून परतलो. म्हणून या वेळी धोका नको म्हणून शनिवारची रजा काढली, आणि रोजंदारीवाल्याला ती परवडत नाही. अशा संस्था चालवणारी माणसं थोड्या पैशांत, थोड्या हातांवर किती करतात याची मला जाणीव आहे. त्यांच्यावर रोष नाही. पण महानगरपालिकेपासून महाविद्यालयांपर्यंत सगळ्यांनी मिळून रविवारी बसायला चार विद्यार्थी आणि त्यांच्या मानधनाची सोय केली तर हे होण्यासारखं आहे. बसस्थानकाबाहेर एक मोठी पाटी लावावी, कुठे काय आहे आणि केव्हा उघडं असतं याची. आणि आपल्या वृत्तपत्राने दर शुक्रवारी एका चौकटीत खानदेशातल्या सगळ्या संग्रहालयांच्या वेळा छापाव्यात, ही आपल्याला विनंती. जळगावचं गांधीतीर्थ त्यात येईल. चाळीसगाव स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घरही येईल. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खी दृश्यं उभी करणारा हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं त्या घराबाहेर फारसा पडला नाही, आणि १९८९ साली तिथेच गेला. धुळ्याहून चाळीसगावला गाडी आहे, एका दिवसात माणूस बघून येईल. पण उघडं आहे हे आधी कळायला हवं.

येत्या ३१ डिसेंबरला राजवाडे यांना जाऊन शंभर वर्षं होतील. हार-भाषणं होतीलच. त्याआधी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांनी आपल्या सहली एकदा तरी गल्लीबोळातल्या या वास्तूंकडे वळवाव्यात, आणि जेवण खाणावळीतल्या ताईंकडे आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

भाचा सोमवारच्या एसटीने सुरतेला गेला. आईने बरोबर बिबडे आणि कोरडा ठेचा दिला. जाताना त्याने पत्र्याच्या पेटीतल्या मोडी कागदांचे मोबाइलवर फोटो काढून नेले आहेत. आपल्या वाचकांपैकी कुणी धुळ्यात रविवारी मोडी शिकवत असेल, तर कृपया आपल्या पत्रव्यवहारात कळवावं. मे महिन्याच्या सुट्टीत तो येतोय, आणि आम्ही दोघेही शिकायला येऊ.

आपला नम्र,
एक वाचक
देवपूर, धुळे