शेतकरी गुबगुबीत झाला!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एक व्यंगचित्र होते. खरेदी केंद्रावर कापसाऐवजी शेतकरीच काट्यावर चढलाय, डोळ्यांना धारा लागल्यात आणि मोजणारा म्हणतो, 'ओलावा जास्त आहे, भाव कमी बसेल.' कल्पना फर्मास. पण पानात जागा उरली असावी. दोन कॉलमांचे चित्र आडवे ताणून तीन कॉलमांत बसवले. पऱ्हाटीच्या काडीसारखा शेतकरी चांगला गुबगुबीत झाला, काट्याची गोल तबकडी अंड्यासारखी. नातू विचारतो, 'आजोबा, यातला व्यापारी कोणता?'

ऑफसेट येईपर्यंत मी इथल्याच एका छापखान्यात चित्रे छापायचे जस्ताचे ब्लॉक करायचो. चित्रकार कार्डावर काळ्या शाईने मोठे चित्र काढून देत, आम्ही ते कॅमेऱ्यात लहान करायचो. उंची निम्मी झाली की रुंदीही निम्मीच. वेगळे काही त्या कॅमेऱ्याला येतच नव्हते. मग प्लेट ॲसिडमध्ये. जरा जास्त राहिली की ॲसिड रेषेच्या बगलेतून शिरायचे आणि बारीक रेघ तुटायची. एकदा माझ्या हातून एका पुढाऱ्याच्या चष्म्याची काडी गेली. वाचकाला कळलीही नसती, पण फोरमनने अख्खी प्लेट पुन्हा करायला लावली. डाक आवृत्तीची गाडी खोळंबली, शिव्या मी खाल्ल्या.

नाक वाढवायचे की पोट, हे काढणाराने ठरवायचे. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे तो मोठा पुतळा, बघा. तो बांधणारी पोरेसुद्धा कागद चिकटवण्याआधी पोट केवढे नि पाय केवढे यावर तासभर भांडतात. तुमच्याकडे ते माऊसच्या एका ओढीत ठरले.

आकार लहान करण्याचेही तेच. शि. द. फडणीसांचे १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ जुन्या वाचकांना आठवत असेल. शब्द एकही नाही. तरुण-तरुणीच्या कपड्यांवरची उंदीर-मांजरांची नक्षी हाच सगळा विनोद. ते तिकिटाएवढे छापले तर उंदीर कुठला नि मांजर कुठले? आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'च्या कोटाच्या चौकटी अशाच शाईने भरून जातात.

आणखी एक. त्या चित्राची खालची पट्टी जाहिरातीसाठी कापली, तिच्यासोबत सहीही गेली. चंद्रपूरचे व्यंगचित्रकार मनोहर सप्रे यांची रेषा आम्ही सहीवाचून ओळखायचो, पण हे चित्र काढणाऱ्या नव्या पोराला ती सोय नाही. त्याचे नाव मला अजून कळलेले नाही.

तेव्हा येत्या रविवारी तेच चित्र मूळ मापात, सहीसकट पुन्हा छापावे, ही विनंती. दोन कॉलम पुरेत. तिसऱ्यात सोन्या-चांदीचे भाव टाका.

– एक जुना ब्लॉकमेकर, महाल, नागपूर