अव्या, तुझ्या प्लॉटचं काय ते सांग

प्रिय अव्या,

का बे, जिवंत आहेस ना? आम्ही बरे. माझी बीपीची गोळी चालू आहे, मीनलचा गुडघा तसाच, आईला कमी ऐकू येतं पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं. झालं तब्येतीचं.

रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये लेआउटवाल्यांची मीटिंग होती. तिथे सगळ्यांच्या देखत राजाभाऊ मला म्हणतो, "तुमच्या दोस्ताचा प्लॉट तर बिल्डरकडे जाऊन राह्यला, अन् तुम्ही काय हरकती लिहून राह्यले?" मी म्हटलं, अव्या मला सांगितल्याशिवाय विकणार नाही. म्हटलं खरं, पण तेव्हापासून डोक्यात तेच. फोनवर विचारलं असतं तर तू "बघू बे" करून विषय बदलला असतास, म्हणून हे लांबलचक लिहून राह्यलो.

भानगड अशी आहे की आपल्या नागपुरात मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत जास्तीचा एफएसआय आहे, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, रस्ता जितका रुंद अन् प्लॉट जितका मोठा तितका जास्त, चारपर्यंत जातो. 2020 मध्ये लोकमान्यनगरची मेट्रो सुरू झाली तेव्हा आपण खूश, एलएडी चौकातून बसलं की सीताबर्डी, पार्किंगची कटकट नाही. मेट्रोसोबत हे पण येते हे कोणाच्या डोक्यात होतं? आता एक बिल्डर तुझा, माझा आणि नानांचा असे तीन प्लॉट जोडून मागतो, कारण सुट्या प्लॉटवर त्याचे मजले निघत नाहीत. लीजचं मी बघतो म्हणतो, नासुप्रच्या, म्हणजे सुधार प्रन्यासच्या, फायलींची तुम्ही चिंता करू नका. इतकं गोड बोलतो की मीनलने त्याला दुसऱ्यांदा चहा दिला. त्यातच आपल्या आतल्या गल्ल्यांचा पण झोन बदलायची नोटीस पेपरात आली. नगररचना कायद्याचं कलम 37 म्हणतात, महिनाभरात हरकती-सूचना द्यायच्या, मग सुनावणी. हरकत कोण लिहील? ज्याचं अक्षर शाळेत चांगलं होतं तो. तुझ्या जर्नल्स कोणी लिहिल्या ते आठव.

मीटिंग म्हणजे नुसता तमाशा. "लेआउटची शांतता, लेआउटची शांतता" असं सगळ्यात जोरात ओरडणारे कोण, तर ज्यांनी साइड मार्जिनमध्ये, घराच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेत, किचन काढलं आणि दोन-दोन गाड्या रस्त्यावर लावतात ते. एक काकू म्हणाल्या फ्लॅटमध्ये कोण कुठले लोक येतील काही भरवसा नाही. ते मला नाही आवडलं. म्हटलं काकू, आपले बाप प्लॉट घेऊन इथे आले तेव्हा आपणच कोण कुठले होतो. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. बोलू नका, पण "बाहेरचे लोक" हा मुद्दा मी मसुद्यात येऊ दिला नाही.

मी लिहिलं ते पाण्याचं. 23 सप्टेंबर 2023 तू व्हिडिओत पाहिलास, पण त्याचा वास तुला नाही माहीत. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आणि पहाटे लोक गच्चीवर. तुझ्या बंद घराचं कुलूप मी आणि माझ्या पोट्ट्याने तोडलं तेव्हा आत फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि तुझ्या बाबांची पुस्तकं, जाऊ दे. तर माझं म्हणणं असं की आज निदान तिन्ही घरांच्या मागे माती आहे, थोडं तरी पाणी जिरतं. उद्या वॉल कंपाउंडपासून वॉल कंपाउंडपर्यंत बेसमेंट आणि पेव्हर ब्लॉक झाले की ते पाणी कुठे जाईल? सांडपाण्याची गडरलाइन आपल्या लहानपणीची. तीन घरांची लाइन चाळीस फ्लॅटला कशी पुरेल हे आधी कोणी लिहून द्यावं, मग चढवा मजले. आणि कूलर! मे महिन्यात 45 च्या वर जातं, आपल्या इथे अर्धा उन्हाळा खसच्या भरवशावर निघतो, पण कूलरला बाहेरून मोकळी हवा लागते रे, खिडकीसमोर दहा मजली भिंत उभी राहिली की तो काय ओढेल? हे मी लिहिलं तर नाना म्हणाले हा पॉइंट काढ, हसतील. नाही काढला.

पोट्टा वेगळंच बोलतो. बाबा, आजी दोन वर्षं गच्चीवर गेली नाही, लिफ्ट पाहिजे, आणि एवढ्या जागेत चार माणसं राहणार अन् माझ्या मित्रांनी तिकडे लांब बेलतरोडीहून यायचं का? खरं सांगू, त्याला उत्तर देता येत नाही. आपल्याच प्लॉटवर लहानशी स्कीम, खाली पार्किंग, वर तीन मजले, असं कोणी म्हटलं तर मी उद्या सही करीन. पण धंतोलीचं काय झालं ते रोज पाहतो, एकेक बंगला दवाखाना झाला आणि आता तिथे गाडी उभी करायची म्हणजे नवस बोलावा लागतो.

तू म्हणशील हा स्वतःचंच रडगाणं गातो. हौ, गातो. आंब्याच्या फांदीवरून आपल्या बापांनी आठ महिने अबोला धरला, आपण मात्र त्याच भिंतीवर बसून कैऱ्या खायचो. आणि मॅटिंगच्या त्या मॅचमध्ये तू मला रनआउट केलंस, मी क्रीजमध्ये होतो, आजही सांगतो.

सानिकाचं अॅडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? पुण्यात फिरायला तरी जा सकाळी.

तर मुद्द्याचं. पुढच्या शुक्रवारी मुदत संपते. अर्जात "शेजारच्या प्लॉटचे मालकही सहमत आहेत" ही ओळ आहे, तिथे तुझं नाव लिहू की नको? विकायचं असेल तर विक, घर तुझं आहे, सानिकाचा खर्च आहे, मला कळतं. मी ती ओळ खोडीन आणि भांडणार नाही. फक्त राजाभाऊच्या तोंडून नको ऐकायला लावू. एक ओळ लिही, हो किंवा नाही, "बघू" चालणार नाही.

तुझा,
दिन्या

ता.क. कुलूप नवीन लावलंय, एक किल्ली आईजवळ आहे. त्याचे पैसे तू मला द्यायचे राहिलेत.