कॅबिनेटमधली 9 इंच जागा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

प्रिय मिलिंद,

सम्पमध्ये, म्हणजे रीफ टँकखालच्या कॅबिनेटमधल्या पाण्याच्या टाकीत, फ्रॅग (पोवळ्यांचे कापलेले तुकडे) वाढवायला दिवा किती वॉटचा घेऊ, असं विचारलंस. वॉट आत्ता बाजूला ठेव. आधी मोजपट्टी घेऊन कॅबिनेटसमोर खाली बस आणि पाण्यापासून वरच्या फळीपर्यंत किती जागा आहे ते बघ. माझ्याकडे जेमतेम 9 इंच आहे. कुठला दिवा घ्यायचा हे शेवटी त्या 9 इंचांनीच ठरवलं.

वरच्या टँकवरचा जुना एलईडी मी आधी तसाच खाली लटकवला होता. त्याची भिंगं उजेड खोलवर फेकण्यासाठी केलेली, इतक्या जवळून ती एकाच ठिकाणी झोत मारतात. मधोमध ठेवलेला मोंटिपोरा या दगडी पोवळ्याचा तुकडा आठ दिवसांत पांढराफटक पडला. कडेचे झोअँथस (मऊ, फुलासारखी पोवळी) मात्र उजेड पुरत नाही म्हणून माना लांबवायला लागले. दोघांत अंतर होतं फक्त सहा इंचांचं. मोंटिपोराचा तुकडा मी स्वतः कापून, चिकटवून ठेवला होता. त्याला तसा बघून फार वाईट वाटलं.

मग इथल्या रीफ क्लबमधून पीएआर मीटर, म्हणजे उपयोगी उजेड मोजायचं यंत्र, आणला. मधे 420, कडेला 60! हा आकडा म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, पोवळ्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाच्या कामाचा उजेड. तो कमी पडला तर शैवाल उपाशी, फार झाला तर त्याचं यंत्रच बिघडतं. मग पोवळं त्याला बाहेर काढून टाकतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. झोअँथस, मशरूम पोवळी यांना 50 ते 100 भरपूर होतात. युफिलियासारख्यांना 80 ते 150, मोंटिपोरा-अ‍ॅक्रोपोराला 200 च्या पुढे. म्हणून आधी कोण ठेवणार ते ठरव, मग दिवा बघ. सम्पमध्ये मी तरी अ‍ॅक्रोपोराच्या नादी लागणार नाही.

टी-5 (बारीक फ्लुरोसंट) नळ्यांचा उजेड सगळ्यांत सारखा पसरतो, हे मी आजही मानतो. पण बंद कॅबिनेटमध्ये त्या तापतात आणि दर 9 ते 12 महिन्यांनी बदलाव्या लागतात. म्हणून शेवटी रुंद कोनाच्या दोन एलईडी पट्ट्या समांतर लावल्या. आता मधे 130, कोपऱ्यात 95. एवढ्या लहान जागेत एकाच जबर दिव्यापेक्षा दोन साध्या पट्ट्या कधीही बऱ्या.

रंग मुख्यतः निळाच घे, थोडा पांढरा. आंग्रिया बँक, समुद्रातलं ते पोवळ्यांचं बुडीत पठार, आठवतं? विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, साधारण 20 मीटर पाण्याखाली. तिथपर्यंत लाल उजेड जवळजवळ पोचतच नाही, पोवळी निळ्यावर जगतात. आपण मालवणला किल्ल्याजवळ होडीतून पाण्यात डोकं घातलं होतं, तेव्हा सगळं निळसर दिसलं होतं ते त्यामुळेच. लालसर दिवा सम्पमधल्या केटोमॉर्फाच्या (पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या हिरव्या शेवाळाच्या) कप्प्याला दे, आणि मधे काळं अ‍ॅक्रिलिक लाव. पाणी वर पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात उजेड गेला की तिथे शेवाळ माजतं. फ्रॅग त्या पंपाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नकोस. बाष्पीभवनाने पाणी तिथेच खालीवर होतं. मधल्या कप्प्यात पातळी स्थिर राहते.

फ्रॅगचा आणि केटोमॉर्फाचा, दोन्ही दिवे मी संध्याकाळी 6 ते पहाटे 4 चालवतो. वरचा टँक अंधारात असताना पाण्याचा पीएच उतरतो, तो त्यामुळे बराच सावरतो. शिवाय कामावरून आलो की फ्रॅग उघडलेले बघायला मिळतात. नवे फ्रॅग ठेवशील तेव्हा उजेड 40 टक्क्यांवर ठेव आणि आठवड्याला पाच टक्के चढव. घाई करू नकोस.

आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नकोस: पट्टी आयपी-67 चीच (पाणी आत न शिरणारी) हवी, ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबाहेर हवा, वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यायची आणि सॉकेट जीएफसीआयचं, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारं. तिथे खारं पाणी सतत उडतं. पट्टीवर मीठ साचलं की उजेडही घटतो. मी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतो.

तुझा पुतण्या पुण्यात पोवळी शोधतोय म्हणालास. त्याला आजच फोन कर. 2001 पासून दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रातून काढणं-विकणं गुन्हा आहे. त्याला गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा टँक करून दे, मी मदत करतो.

मार्चमध्ये फिलाडेल्फियाला येतोय. थर्मोकोलच्या डब्यात तुझ्यासाठी दोन झोअँथस आणतो, आणि मोंटिपोराचा तो तुकडाही. गेल्या आठवड्यात त्याच्या कडेला नखाएवढा तपकिरी रंग परत आलाय.

तुझाच,
सुहास